अलिबाग ते गुहागर सायकलने: बाटलीबद्दल जे रस्त्यावर कळलं

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाचा आणि मी सागरी मार्गाने अलिबागहून गुहागरला सायकलने गेलो. तीन दिवस लागले, मुक्काम दिवेआगर आणि आंजर्ल्याला. या रस्त्याच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते सगळं खरं आहे. मला सांगायचंय ते पाण्याच्या बाटलीबद्दल, कारण आमच्या दुसऱ्या दिवसाची अर्धी दुपार तिच्यापायी गेली.

आम्ही दोघं पुण्याचे. देशावर उन्हात चालवताना मी बाटलीवर ओला मोजा चढवतो. वाऱ्याने मोजा सुकत जातो तसं आतलं पाणी गार राहतं. कोकणात हा उपाय चाललाच नाही. हवेतच इतका ओलावा की रेवदंड्याला भिजवलेला मोजा मुरूडला पोचलो तरी ओलाच होता आणि पाणी कोमट. अंगावरच्या घामाचंही तेच. तो सुकत नाही, नुसता निथळत राहतो, आणि त्याच्याबरोबर मीठही जातं. थंडीच्या दिवसांत पुण्याजवळ मला तासाला 400 मिली पाणी पुरतं. इथे 700 लागलं.

भाच्याची ही पहिलीच लांबची सफर. त्याच्याकडे एक लिटरची छान स्टीलची बाटली होती. पाणी गार राहायचं, पण ती केजमध्ये, म्हणजे फ्रेमवर बाटली अडकवायच्या पिंजऱ्यात, बसेना म्हणून पाठीवरच्या सॅकमध्ये. म्हणजे प्यायचं तर थांबा, सॅक काढा, झाकण फिरवा. पहिल्या दिवशी "मामा, दोन मिनिटं थांबूया का?" असं तो मधूनमधून म्हणत होता. दुसऱ्या दिवशी म्हणेनासा झाला. मला वाटलं, पोरगं सरावलं. खरं तर सारखं थांबवायचा संकोच वाटून त्याने पाणी पिणंच कमी केलं होतं. फेरीबोटीतून वेसवीला उतरून केळशीकडे निघालो आणि चढावर त्याच्या पोटरीत असा गोळा आला की सायकल सोडून रस्त्याच्या कडेलाच बसला. सॅकमधली बाटली जवळजवळ भरलेली होती.

समोरच्या घरातल्या आजींनी त्याला पडवीत बसवलं. "अरे बाबा, नुसतं पाणी नको पिऊस," म्हणाल्या आणि तांब्याभर पाण्यात कोकमाचं आगळ आणि साखर ढवळून आणली. आगळात मीठ असतंच, म्हणजे या हवेला हवं ते सगळं त्या तांब्यात होतं. दोन पेले पोटात गेले, पाऊण तास सावलीत गेला, मग तो उठला.

त्या रात्री आंजर्ल्याला मी माझी एक केज आणि एक बाटली काढून त्याच्या सायकलला लावली. केज बसवायच्या फ्रेमवरच्या दोन भोकांमधलं अंतर बहुतेक सायकलींना सारखंच असतं, 64 मिलिमीटर. चार मिलिमीटरची एलन की (षटकोनी चावी) असली की पाच मिनिटांचं काम.

तेव्हा नवी बाटली घेणार असाल तर सायकल बरोबर घेऊन दुकानात जा. नेहमीच्या केजमध्ये साधारण 73-74 मिलिमीटर जाडीची बाटली बसते. विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली तिच्यात नीट बसत नाही, खड्ड्यात उडून पडते. फ्रेम लहान असेल तर सीटखालच्या नळीवर 750 मिलीची उंच बाटली वरच्या नळीला अडते. तिथे आखूड बाटली घ्या, नाहीतर बाजूने काढता येणारी केज. बाटली मऊ हवी, एका हाताने दाबली की धार थेट घशात गेली पाहिजे. दुकानातच पाणी भरून, उलटी धरून दाबून बघा. तोटी दातांनी उघडता यायला हवी आणि तिच्यावर टोपण हवंच, कारण पुढच्या चाकाने उडवलेली तांबडी धूळ आणि शेण नेमकं तिथे बसतं. तोंड इतकं रुंद असावं की घासणी आत जाईल. दुहेरी भिंतीच्या बाटलीत पाणी जास्त वेळ गार राहतं, पण बाहेरून तेवढ्याच दिसणाऱ्या बाटलीत पाणी कमी मावतं. माझ्या मते या रस्त्याला एक तशी आणि एक साधी 750 मिलीची, अशी जोडी उत्तम. एकीत मीठ-साखर किंवा आगळ, दुसरीत निव्वळ साधं पाणी. डोक्यावर ओतायला किंवा खरचटलं तर धुवायला साधंच लागतं.

भरायचं कुठे? जेट्टीवर, फेरीबोटीत चढायच्या आधी. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तिन्ही ठिकाणी खाडी ओलांडली की लगेच चढ लागतो. चढ लागल्यावर पाणी शोधत बसू नका. दिवेआगर ते श्रीवर्धन आरवीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता अप्रतिम, पण वाटेत दुकानं फार कमी, तेव्हा दिवेआगरलाच दोन्ही बाटल्या भरा. एरवी देवळं आहेत, आणि कुठल्याही घरी पाणी मागितलं तर आम्हाला कोणी नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी धोपाव्याच्या चढावर मी मुद्दाम भाच्याच्या मागे राहिलो. पाय न टेकता तो पाच वेळा प्यायला.

जांभ्याच्या खडबडीत रस्त्यांनी केजचे स्क्रू सैल होतात. रोज सकाळी हाताने हलवून बघा आणि दोन जादा स्क्रू, चार झिप टाय बरोबर ठेवा. साखरेचं पाणी बाटलीत रात्रभर राहू देऊ नका, तोटीच्या आत काळी बुरशी धरते. आगळाचा वास साबणाने जात नाही. चमचाभर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवा, सकाळी तोटी सुटी करून घासा आणि बाटली झाकण न लावता उपडी वाळत घाला.