पंचकल्याणी घोडीचा चौथा पाय

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोडेबाजारही उभा राहतो. गेल्या वर्षी तेथे दोन घोड्या विकायला न्यायच्या असे मी ठरवले होते. त्यासाठी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल आणि आरोग्य दाखला हाताशी असावा लागतो, हे मला माहीत होते. त्या अहवालातील एका ओळीपायी अठरा दिवस जातील, हे मात्र माहीत नव्हते.

आमच्याकडे लहानमोठी नऊ जनावरे आहेत. लग्नसराईत ती वरातीला जातात आणि उरलेले आठ महिने मला कामाला लावतात. पहाटे लीद काढायची, पाणी दाखवायचे, दादर ज्वारीचा कडबा टाकायचा, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी द्यायची आणि मग खरारा करायचा, म्हणजे अंग घासून साफ करायचे, या क्रमात खंड पडला की त्याची किंमत कोठेतरी मोजावी लागतेच. रक्त घ्यायला पशुवैद्यक येणार त्याच्या आदल्या रात्री आमच्या म्हाताऱ्या घोडीच्या पोटात दुखू लागले. थंडीत हौदाचे पाणी फार गार झाले की घोडी कमी पाणी पितात आणि कोरडा चारा आतड्यात अडकतो. शिवाय घोड्याला उलटी होत नसल्याने पोटातले वर येऊन सुटकाही होत नाही. “दादा, घोडी चाराले तोंड लावत नही,” असे गड्याने सांगितल्यापासून उजाडेपर्यंत आम्ही दोघे आलटून पालटून तिला फिरवत होतो. पहाटे तिने लीद टाकली तेव्हा जीव भांड्यात पडला. पण त्या सकाळी खरारा कोणाचाच झाला नाही.

विकायची कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, घोडी त्याच सकाळी हौदाजवळच्या चिखलात मनसोक्त लोळली होती. अर्जावर घोड्याची छापील आकृती असते आणि तिच्यावर टिळा, पांढरे पाय व केसांचे भोवरे यांच्या खुणा करायच्या असतात. पशुवैद्यकांनी जे दिसले ते लिहिले: कपाळावर टिळा, तीन पाय पांढरे. डावा मागचा पाय गुडघ्यापर्यंत काळ्या मातीने माखलेला होता. मी रात्रभर जागा होतो, म्हणून न वाचता सही केली. रक्तजल हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेले आणि दहा दिवसांनी दोन्ही अहवाल निर्दोष आले.

दाखल्यासाठी मी घोड्यांना आंघोळ घालून, शेपटी विंचरून दाखला देणाऱ्या कार्यालयात घेऊन गेलो, आणि तेथेच गाडे अडले. टेबलामागच्या गृहस्थांनी खिडकीतून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, कागदावर तीन पाय पांढरे आहेत, इथे चार दिसताहेत. हा रिपोर्ट या घोडीचा नाही.” मी चिखलाची हकिगत सांगितली. “चिखल होता असं कुठं लिहिलंय का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या खेपेला साहेब शिबिराला गेलेले होते. त्यानंतर चारही बाजूंचे फोटो आणि साध्या कागदावर अर्ज मागितला. तो दिल्यावर अर्ज वर पाठवला असे कळले, आणि वरून काय आले हे विचारायला गेलो तर तो अजून खालीच होता. सहाव्या फेरीला साहेब भेटले आणि त्यांनी दोन मिनिटांत सांगितले की, एका निरोगी घोड्याचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर खपवण्याचे प्रकार होतात, म्हणून रक्त पुन्हा घ्यावेच लागेल. त्यांचे म्हणणे मला पटले, कारण ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि रोगी जनावर मारावेच लागते. माझा राग नियमावर नाही. हेच वाक्य पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते, तर मी त्याच संध्याकाळी रक्त द्यायला तयार होतो.

म्हणून ज्यांना बाजाराला जायचे असेल त्यांनी महिनाभर आधी नमुना द्यावा, त्या दिवशी चारही पाय खुरापर्यंत धुवावेत आणि अर्जाच्या आकृतीवरील खुणा घोड्याशेजारी उभे राहून ताडून पाहाव्यात. मोबाइलवर चारही बाजूंचे फोटोही त्याच वेळी काढावेत; मी ते नंतर काढले, त्यामुळे त्यांचा उपयोग झाला नाही. आणखी एक आठवले: थंडीत पाणी कोमट करून द्यावे. आम्ही ते आधीच केले असते, तर हे पुढचे रामायण घडलेच नसते.

दुसरा अहवाल हाती आला तोवर बाजार भरून चार दिवस झाले होते. तापीचा पूल ओलांडून आम्ही पोहोचलो तेव्हा सावलीची जागा उरलेली नव्हती. चार पाय आणि तोंड पांढरे अशी पंचकल्याणी घोडी शुभ मानतात, त्यामुळे गिऱ्हाईक लगेच थांबले. पहिल्याच माणसाने दात पाहिले, खाली बसला, अंगठा थुंकीने ओला केला आणि रंग लावलेला नाही ना याची खात्री करायला डावा मागचा पाय घासू लागला. मी खिशातला अहवाल काढून त्याच्यापुढे धरला.