अशैक्षणिक काम

रविवार, २३ मार्च २०२५. आमच्या झेडपीच्या शाळेत नवसाक्षरांची परीक्षा होती. गाव पन्हाळा रोडवरचं, करवीर तालुक्यातलं, नाव लिहीत नाही कारण आक्कांना लोक लगेच ओळखतील.

परीक्षा १५० मार्कांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येकात ३३ टक्के पाहिजेत. १० ते ५ मध्ये कधीपण या आणि ३ तास बसा, कारण आमचे परीक्षार्थी धार काढून, वैरण टाकून, डेअरीला दूध घालून येतात, म्हशीला पेपरचं टायमिंग सांगता येत नाही. हे ज्यानं ठरवलं त्याला पैकीच्या पैकी मार्क. बाकी बॅनर, बॅनरपुढं फोटो, फोटो ग्रुपवर टाका, मिळाला का म्हणून परत फोन, हे सगळं होतंच. सकाळी एक साहेब आले, शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला वगैरे सांगितलं, गुलाबाची फुलं वाटली आणि गेले. मागच्या बाकावरनं आक्का म्हणाल्या, "मग आमच्या आबाला कुणी का न्हाई दंड केला?" आक्कांना दुसरीतनं काढलं होतं, धाकट्या भावाला सांभाळायला.

खरं सांगायचं तर मी या कामाच्या विरोधातलाच माणूस. २०२३ ला शिक्षक संघटनांनी साक्षरतेच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला तेव्हा मी पुढंच होतो. पोरांना शिकवायला वेळ पुरत नाही आणि आम्ही घरोघर असाक्षर शोधत फिरायचं, ॲपवर भरत बसायचं, अशैक्षणिक काम हे. नंतर करावं लागलंच. आणि कसं केलं, तर आक्कांच्या दारात उभं राहून विचारलं, "सही येते का?" "येती की." झालं, पुढचं घर. आता जनगणनेच्या व्याख्येत साक्षर म्हणजे ज्याला समजून वाचता आणि लिहिता येतं तो, सही येते तो साक्षर असं कुठंही नाही, हे मी डीएडला पाठ केलंय. तरी पुढचं घर. दुसऱ्या दिवशी आक्का शाळेच्या गेटात. "गुर्जी, माझं नाव का न्हाई घेतलं? सही म्हंजे रांगोळी काढल्यागत काढती मी."

वर्ग रात्री साडेआठला, जेवणखाण आवरून. पहिल्या आठवड्यात मला वाटलं ह्यांच्या डोक्यात काही शिरत नाही. मग लक्षात आलं, निम्म्या बायकांना दिसतच नव्हतं! पन्नाशी-साठीच्या बायका, चाळिशी कुणाकडं नाही, अक्षर म्हणजे नुसता काळा डाग. महाद्वार रोडवर फूटपाथला मिळतात ते २ नंबरचे चष्मे पाच आणले स्वतःच्या खिशातनं, आणि त्या रात्री वर्गात जो गोंधळ झाला तो कुठल्या रिपोर्टात नाही, कारण ॲपमध्ये चष्म्याचा रकाना नाही.

पुस्तकातल्या चित्रांना बायका हसायच्या, म्हणून मी दुधाची पावती फळ्यावर घेतली. लिटर, फॅट, एसएनएफ, दर. आकड्यात मीच कच्चा. ६.८ ची फॅट ६.३ का झाली हे आक्का मला सांगायच्या (सुनेनं सरकी पेंड कमी घातली).

पण आक्कांची एक अट होती, जोडाक्षरं आधी. ती पुस्तकात शेवटी असतात, मोठ्या माणसाला पहिल्यांदा आपलं नाव, ओळखीचे शब्द, मग जोडाक्षरं असा क्रम. त्या ऐकेनात. "क्क कसं लिवत्यात? त्र कसं?" मग आम्ही आमची भाषा काढली. अर्धा क म्हणजे शेपूट तुटलेलं रेडकू. रफार म्हणजे डोक्यावरचा कोयता. त्र मात्र आडवं आलं, कारण त्यात त शोधूनही सापडत नाही, तो नुसता पाठच करायला लागतो. तीन आठवडे त्यातच गेले आणि मला माझाच अभिमान वाटत होता की काय भारी पद्धत काढली. एवढी घाई कशाला, हे विचारायचं सुचलं नाही.

परीक्षेदिवशी आक्कांचा पेपर दीडला संपला. घरी गेल्या नाहीत. व्हरांड्यात बसून राहिल्या, मी शिक्के मारून बाहेर आलो तर पिशवीतनं दुधाची प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातनं घडी घातलेली झेरॉक्स. "ह्ये वाचती. मधी बोलू नगा."

हक्कसोडपत्र. २०११ चं.

२००५ च्या कायद्यानं मुलीला मुलाइतका हिस्सा मिळाला हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडं त्याचं पुढं काय होतं ते पण सगळ्यांना माहीत आहे, भाऊ जीप करतो, बहिणींना निबंधक ऑफिसला नेतो, सह्या, अंगठे, फोटो, येताना मिसळ आणि एकेक साडी. सातबाऱ्यावरनं नावं कमी.

दोन पानं वाचायला सव्वा तास लागला. बोट ओळीवरनं सरकत होतं. गट नंबर, हेक्टर, आर सटासट. मग "आमच्या लग्नात वडिलांनी भरपूर खर्च केला असून" आलं. "खर्च" वर थांबल्या, कोयता हवेत काढून दाखवला आणि खो खो हसल्या. "देवळात लगीन, गूळपाणी देऊन वाटंला लावलं, भरपूर खर्च म्हनं." "स्वखुशीने" न अडखळता. आणि अगदी खाली, सहीच्या वर: "सदरचा दस्त आम्ही वाचून पाहिला व समजून घेऊन सही केली आहे."

बोट "वाचून" वर थांबलं. परत वाचलं.

"ह्ये खोटं हाय की गुर्जी."

मी म्हटलं, "आक्का, ती भाषाच तशी असते, सगळ्या दस्तात असतं ते."

"सगळ्यात आसतंय? मग सगळ्याच खोटं बोलल्या व्हय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या घरी १९९८ ला दोन आत्यांच्या सह्या घेतल्या तेव्हा मी बारावीत होतो. "आत्या, इथं" म्हणून कागदावर बोट मीच ठेवलेलं.

मग मी, मास्तर शेवटी, विचारलं की तेव्हा वाचता येत असतं तर सही केली नसती ना? मला "न्हाई" ऐकायचं होतं. आक्का म्हणाल्या, "केली आसती की. भाऊ हाय. माहेरपणाला कोण बोलावणार?" कागदाची घडी घालत बसल्या थोडा वेळ. "पर मग मी दिली म्हणता आलं आसतं. आता दिली म्हणू का घेतली म्हणू, त्येच कळंना."

मी ओळखीच्या वकिलाचं नाव काढलं तर हात झटकला. दावा नको, भावाची नात गोड आहे म्हणे.

पास झाल्या. प्रमाणपत्र घेताना फोटोला उभ्या राहिल्या नाहीत, त्यामुळं माझ्याकडं एक फोटो कमी पडला आणि त्यावरनं मला फोन आला.

मे महिन्यात आक्कांची धाकटी बहीण आली होती चार दिवस. त्याच दस्तावर तिचा अंगठा आहे, वर तेच, वाचून पाहिला. आक्का तिला घेऊन संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसल्या, मी आत नवीन यादी ॲपवर भरत होतो. आक्कांचा वाचायचा आवाज येत होता, एकसुरी, पोथी लावल्यासारखा. मध्येच दोघी मोठ्यांदा हसल्या, म्हणजे लग्नाच्या खर्चाची ओळ आली असणार. नंतरचं मला ऐकू आलं नाही, ॲप हँग झालं आणि मी रेंजसाठी मोबाईल घेऊन मागच्या मैदानात गेलो.