जिमच्या मधोमध एक चेहरा

आमच्या शाळेच्या जिममध्ये लाकडी फ्लोअरवर बरोबर मधोमध एक चेहरा रंगवलेला होता. पिसांचा टोप, करारी नाक, मिटलेले ओठ. मी कोलोरॅडोतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. पहिल्याच दिवशी त्या चेहऱ्यापाशी पाय अडखळला. वहीला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करायची आपली सवय. माणसाच्या तोंडावर पाय कसा द्यायचा? तेव्हापासून मी भिंतीच्या कडेने वळसा घालून जायचे. कुणाजवळ बोलले नाही.

जून २०२१ मध्ये राज्याने कायदा केला. मूलनिवासी अमेरिकन लोकांवरून घेतलेले शुभंकर, म्हणजे टीमचे मॅस्कॉट, सरकारी शाळांनी १ जून २०२२ पर्यंत बदलायचे, नाहीतर महिन्याला २५,००० डॉलर दंड. जमातीशी करार असेल तर सूट. सेंटेनियलच्या अरापाहो हायस्कूलचा उत्तर अरापाहो जमातीशी जुना करार आहे आणि चित्र जिमच्या फ्लोअरवर नको, हेही त्यांनी आपसात ठरवलेलं. आमच्या जिममधला चेहरा तसाच एक मॅस्कॉट, पण आमच्या शाळेने इतक्या वर्षांत कुणाला विचारलंच नव्हतं. नवीन मॅस्कॉट निवडायला समिती नेमली, आणि मतमोजणीसाठी मला तिच्यात घेतलं.

जानेवारीतली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. कॅफेटेरिया खचाखच भरला होता. पन्नास वर्षांपूर्वी शाळेकडून खेळलेले आजोबा जुनी जॅकेटं घालून आले होते. "हा आम्ही त्यांना दिलेला मान आहे," असं एक जण म्हणाले आणि त्यांचा गळा दाटून आला. ते मनापासून बोलत होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मग माझ्या बीजगणिताच्या वर्गातली एक मुलगी उठली. तिची आई लाकोटा या मूलनिवासी जमातीची. वर्गात ती क्वचितच तोंड उघडायची. म्हणाली, "समोरची टीम आपल्याला हरवायला येते तेव्हा पोस्टरवर काय लिहून आणते, ते वाचलंय का तुम्ही? ते तुमच्याबद्दल नसतं. माझ्या आजोबांबद्दल असतं." जरा थांबून ती म्हणाली, "मी जिममध्ये भिंतीच्या कडेने चालते."

माझ्या अंगावर काटा आला. एकाच भिंतीच्या कडेने आम्ही दोघी वर्षभर जात होतो, आणि एकमेकींना ते ठाऊक नव्हतं. जुना चेहरा ठेवायचा का, यावर मतदान घ्या अशीही मागणी झाली. मी ठाम विरोध केला. ज्याचा चेहरा आहे तो शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका असेल, तर बहुमताने काय ठरणार?

नवीन नावाला मात्र मुलांचंच मत हवं होतं. अटी तीन: माणूस नको, लीगमधल्या दुसऱ्या शाळेचं नको, आणि मुलींच्या टीमसाठी पुढे 'लेडी' जोडावं लागेल असं नको. तिसऱ्या अटीवर मेंढा बाद झाला. तरी मेंढा की बायसन (अमेरिकन रानगवा) हा वाद मिटेना, कारण बायसन हा बोल्डरच्या विद्यापीठाचा मॅस्कॉट, मेंढा फोर्ट कॉलिन्सच्या, आणि घरोघरी पालक या ना त्या बाजूचे! तेव्हा त्याच आजोबांपैकी एकांनी ब्रश गावची आठवण काढली. तिथल्या शाळेच्या टीमचं नाव 'बीटडिगर्स', म्हणजे साखरेचं बीट खणणारे. रॉकी फोर्डला खरबुजं पिकतात, म्हणून तिथले 'मेलनीअर्स'. मला आपल्याकडचे ऊसतोड कामगार आठवले. आपल्या घामाचं नाव आपणच छातीवर मिरवायचं, किती सुंदर गोष्ट! खोलीतला सूर तिथून बदलला.

शेवटी जिंकला मॅग्पाय. पार्किंगमध्ये मुलांच्या डब्यातलं पळवणारा, काळापांढरा, लांब शेपटीचा पक्षी. मतं मी दोनदा मोजली. शाळा मंडळाने मंजुरी दिली.

मेच्या अखेरीस फ्लोअर घासायला माणसं आली. मशीन त्या चेहऱ्यावरून फिरताना मी दारात उभी होते. आधी पिसं गेली, मग डोळे. खाली पिवळंधमक कोरं लाकूड निघालं. ऑगस्टमध्ये व्हॉलीबॉलची नावनोंदणी होती. ती मुलगी जिमच्या मधून सरळ चालत आली आणि माझ्या टेबलावर फॉर्म ठेवला. घरी जाताना मी मात्र सवयीने भिंतीच्या कडेनेच गेले.