ब्रिंजल: आपलंच वांगं, लिस्बनहून परत आलेलं

थंडीत जळगावच्या बाजारात भरताची हिरवी, लांबोडकी वांगी येतात आणि बिलावर त्यांचं नाव पडतं ‘ब्रिंजल’. हा शब्द इंग्रजांचा, असं आपण धरून चालतो. पण लंडनच्या भाजीवाल्याकडे ब्रिंजल मागितलं तर बहुधा तो गोंधळेल. तिथे म्हणतात ओबर्जीन, अमेरिकेत एगप्लांट. ब्रिंजल चालतं ते मुख्यतः आपल्याकडे आणि दक्षिण आफ्रिकेत.

मूळ संस्कृत ‘वातिंगण’. तोही द्रविड भाषांतून आला असावा, असं अभ्यासक मानतात. आपलं वांगं आणि हिंदीतलं बैंगन याच घरातले. वातिंगण इराणात जाऊन ‘बादिंगान’ झाला. अरबांच्या वर्णमालेत ‘ग’ नाही, म्हणून त्यांनी ‘ज’ घातला: ‘बादिंजान’. अरबांबरोबर भाजी स्पेन-पोर्तुगालात पोचली. पोर्तुगीजांनी ‘द’चा ‘र’ आणि शेवटच्या ‘न’चा ‘ल’ करून ‘बेरिंजेला’ म्हटलं. तेच त्यांनी जहाजातून हिंदुस्थानात आणलं आणि इथल्या इंग्रजांनी उचलून ब्रिंजल केलं. म्हणजे वांगं आणि ब्रिंजल ही सख्खी भावंडं, फक्त एक जग फिरून आलं.

ओबर्जीनही तेच. अरबीत नामाआधी ‘अल’ लागतो. ईशान्य स्पेनमधल्या कॅटलान लोकांनी तो नामाचाच भाग समजून ‘अल्बर्जीनिया’ केलं, फ्रेंचांनी त्याचं ओबर्जीन. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली दिलेल्या ‘सोलॅनम मेलोंजेना’ या शास्त्रीय नावातलं मेलोंजेनाही बादिंजानचंच रूप, वाटेत ग्रीकांनी बदललेलं. एगप्लांट मात्र या घरातलं नाही. अठराव्या शतकात इंग्रजांनी पाहिलेली वांगी पांढरी, कोंबडीच्या अंड्याएवढी होती, म्हणून ते नाव.

इंग्रजीत ओबर्जीन हे गर्द जांभळ्या रंगाचंही नाव आहे. जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदच्या हिरव्या वांग्यासमोर हे नाव फार अपुरं वाटतं. परदेशात भरीत करायचं झालं तर ओबर्जीनच मागावं आणि आकाराच्या मानाने हलकं लागेल ते घ्यावं. जड निघालं तर बिया जास्त. भाजण्याआधी चार-पाच ठिकाणी टोचावं, नाहीतर आतली वाफ साल फोडते. वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजल्याचा वास गॅसवर येत नाही आणि बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं खानदेशी लाकडी पात्र, नसेल तर दुसऱ्या लाकडी भांड्यात ठेचावं. मिक्सर नको, त्यात गराचा चिकट लगदा होतो.