विषय ठरलेला नसताना ओपन डेला जाताना

ब्रिटनमध्ये यूकासच्या (विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेच्या) एका अर्जात पाच कोर्स निवडता येतात, पण स्वतःबद्दलचं निवेदन पाचही ठिकाणी एकच जातं. २०२६ च्या प्रवेशापासून त्यात तीन प्रश्न आहेत आणि पहिलाच विचारतो की हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे. त्यामुळे एक इतिहासाचा, एक जीवशास्त्राचा, एक अर्थशास्त्राचा असा अर्ज लंगडा पडतो. विषयाचा गोंधळ अर्जाआधीच सोडवावा लागतो. ओपन डेचा, म्हणजे विद्यापीठ भावी विद्यार्थ्यांना बघायला खुलं असतं त्या दिवसाचा, खरा उपयोग त्यासाठी आहे, आणि बहुतेक जण तो दिवस वसतिगृहाच्या खोल्या बघण्यात घालवतात याचं फार वाईट वाटतं.

ओपन डे मुख्यतः जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात. गोंधळलेल्यांनी इयर १२ (शाळेचं शेवटून दुसरं वर्ष) संपतानाचे, म्हणजे उन्हाळ्यातलेच गाठावेत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय कोर्सची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, तेव्हा शरद ऋतूतला ओपन डे त्यांच्यासाठी उशिराचा ठरतो. बाकीच्यांना जानेवारीपर्यंत वेळ असतो.

एका दिवसात तीन विषयांची सत्रं नीट ऐकून होतात, चौथं डोक्यात शिरत नाही. दोन विषय मनात घोळणारे घ्या आणि तिसरा त्यांच्या शेजारचा, ज्याचं नाव शाळेत कुणी घेत नाही. भौतिकशास्त्र आवडत असेल तर मटेरियल्स सायन्स, भूगोल आवडत असेल तर भूविज्ञान, भाषा आवडत असेल तर भाषाविज्ञान. विषयांची सत्रं बहुधा दिवसातून दोनतीनदा होतात, पण जागा आधी राखून ठेवावी लागते. दोन सत्रांत किमान अर्धा तास मोकळा ठेवा, कारण विभाग एकमेकांपासून लांब असू शकतात आणि सत्रानंतर प्राध्यापकांशी बोलायला मिळणारी दहा मिनिटं सत्राइतकीच मोलाची असतात. कुलगुरूंचं स्वागताचं भाषण चुकलं तरी चालेल.

सत्रात काय फसवतं? विभाग आपला सर्वात रंगतदार वक्ता उभा करतो आणि विषयातला सर्वात आकर्षक तुकडा दाखवतो. भौतिकशास्त्रात कृष्णविवरं दिसतात, पहिल्या वर्षी मात्र बराच वेळ कॅल्क्युलस आणि लॅबचे अहवाल. मानसशास्त्र घेणाऱ्या अनेकांना संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती किती असते याची कल्पनाच नसते. अर्थशास्त्रातही गणित वाढत जातं, म्हणून कित्येक विद्यापीठं ए-लेव्हलला (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात) गणित मागतात. त्यामुळे माहितीपत्रकाऐवजी पहिल्या वर्षाचा एखादा प्रश्नसंच किंवा निबंधाचे विषय दाखवायला सांगा. ते वाचून हात शिवशिवले तर तो विषय यादीत ठेवा. नुसतं ‘जमेल’ असं वाटलं तर अजून शोधा.

विभागात उभे असलेले विद्यार्थी बऱ्याचदा विद्यापीठाकडून मानधन घेऊन आलेले असतात. ‘कोर्स कसा आहे?’ विचारलंत तर ‘मस्त’ हेच उत्तर येणार. नेमकं विचारा: गेल्या आठवड्यात तासाबाहेर कोणतं काम केलंस, किती वेळ लागला? इथे यायच्या आधी वाटलं होतं त्यापेक्षा काय वेगळं निघालं? तुझ्या वर्गातून कोणी विषय बदलला का, आणि का? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्यांनाच गाठा. आईवडिलांनी या वेळी दुसऱ्या सत्राला जावं. ते शेजारी असले की विद्यार्थी नोकरीबद्दल बोलू लागतात आणि मुलाचा प्रश्न राहून जातो.

निर्णय पुढे ढकलायला जागा देणारे कोर्सही तिथेच पारखून घ्या. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी साधारण चार वर्षांची असते. ग्लासगोत कला शाखेची एमए पदवी (तिथे ती शाळेनंतरची पहिलीच पदवी असते) सुरू करताना पहिल्या वर्षी तीन विषय घेता येतात. केंब्रिजच्या नॅचरल सायन्सेसमध्ये पहिल्या वर्षी तीन विज्ञानविषय आणि गणित असतं. ऑक्सफर्डच्या पीपीईत तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र तिन्हींनी सुरुवात होते, पुढे एक सोडता येतो. आणि वकील व्हायचंय म्हणून कायदाच घ्यायला हवा असं नाही: इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आहे आणि तिला कुठल्याही विषयाची पदवी चालते. वैद्यकीयसारख्या कोर्सना प्रवेश मिळू शकतो का हे मात्र ए-लेव्हलला घेतलेल्या विषयांवरूनच आधी ठरतं, म्हणून त्या टेबलावर सर्वात आधी जा.

‘नंतर बदलता येतो’ हे उत्तर मिळालं की थांबू नका. कोणत्या विषयातून कोणत्या विषयात, कोणत्या आठवड्यापर्यंत, कुठल्या गुणांवर आणि जागा नसली तर काय, हे विचारा. इंग्लंडमधल्या स्टुडंट फायनान्सचं, म्हणजे सरकारी विद्यार्थी कर्जयोजनेचं, फीसाठीचं कर्ज साधारणपणे कोर्सची वर्षं अधिक एक वर्ष इतकं मिळतं. एकदा पहिलं वर्ष पुन्हा करावं लागलं तर ते निभतं, दुसऱ्यांदा अवघड.

त्याच संध्याकाळी प्रत्येक विषयासाठी दोन ओळी लिहा: कोणता प्रश्न मनात राहिला, आणि कुठे कंटाळा आला. विषय दोनावर आले की तेच दोन दुसऱ्या विद्यापीठात ऐका. तिथेही तोच कंटाळा आला तर तो त्या विषयाचा आहे, वक्त्याचा नाही. ऑफर आलेल्यांसाठीचे भेटीचे दिवस बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात. काही विभाग त्यात छोट्या गटाचा खराखुरा तास घेतात. पहिली आणि राखीव पसंती कळवण्याआधी त्यांना जरूर जा.