पाकळीच्या ‘ल’चा माग

सांगलीत विश्रामबागला माझं डीटीपीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात लघुपट करणारी पोरं आली. त्यांच्या जुन्या लघुपटाचा दुसरा भाग तयार होता, पण शीर्षकाची मूळ फाइल हार्डडिस्कबरोबरच गेलेली. हाताशी फक्त सुरुवातीच्या पाटीचा स्क्रीनशॉट. “दादा, अक्षर तेच पाहिजे. लोकं त्या अक्षरावरनंच ओळखतात आम्हाला,” एक जण म्हणाला. ते मला पटलं.

फोटोवरून फॉन्ट ओळखणाऱ्या साइटवर आधी टाकून पाहिलं. सगळी इंग्रजी फॉन्टांची यादी आली. मग डोळ्यांनीच शोधायला बसलो.

नावात ‘ल’ होता, आणि तो पाकळीचा. म्हणजे शिरोरेषेखाली बारीक देठ, दोन्हीकडे दोन पाकळ्या, उजवीकडे उभा दंड नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानं मराठीसाठी हाच ‘ल’ ठरवून दिला. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच फॉन्टांत मात्र समोर दिसतो तो हिंदीचा दंडाचा. म्हणून ते सगळे मी पहिल्याच दिवशी बाद केले आणि पुण्याच्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधले फॉन्ट एकेक लावत गेलो. जाडी जुळायची तर वेलांटीची कमान जुळायची नाही. दोन रात्री यातच गेल्या.

तिसऱ्या रात्री ‘ल’ बोटानं झाकला आणि उरलेली अक्षरं तेवढी पाहिली. बाद केलेले फॉन्ट पुन्हा काढले. त्यातला फुकटचा नोटो सान्स देवनागरी घेतला, कंडेन्स्ड म्हणजे अरुंद आणि ब्लॅक म्हणजे सगळ्यात जाड. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनशॉट खाली ठेवला, वर अक्षरं अर्धी पारदर्शक करून बसवली. काना, वेलांटी, ‘क’चं पोट, सगळं एकावर एक. चुकत होता तो ‘ल’ एकटाच.

युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक. त्यात ‘ल’ला क्रमांक एकच, ०९३२. मराठी रूप दाखवायचं की हिंदी, हे मजकुराला लावलेल्या भाषेवर ठरतं. नोटोमध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दोन्ही आहेत, पण भाषा ‘मराठी’ केल्याशिवाय ते दिसत नाहीत. माझ्या मशीनवर इतकी वर्षं हिंदीच लावलेली होती. लिब्रेऑफिसमध्ये नाव टाइप केलं, निवडलं, भाषा मराठी केली. दंड गेला आणि पाकळ्या आल्या. रात्रीचा दीड वाजला होता, तरी घरी उठवून दाखवलं. आपलं अक्षर त्या फॉन्टात पहिल्यापासून होतं, याचा मला फार आनंद झाला.

पीडीएफ करून अक्षरं कर्व्ह म्हणून, म्हणजे मजकूर न राहता नुसते आकार म्हणून, कोरलमध्ये आणली. ‘र’ तेवढा राहिला. त्याचं शेपूट पाटीवर तिरकं छाटलेलं होतं. ते फॉन्टात नाही, आधीच्या डिझायनरच्या हातचं. आकाराच्या कडेवरचे बिंदू, म्हणजे नोड, ओढून ओढून तो तिरपा छाट जमवायला आणखी तासभर लागला. पोस्टर घ्यायला आलेल्या पोरानं आधी त्या ‘र’वरूनच बोट फिरवलं.