फोन बदलायचा की बॅटरी?

आज टिळक रोडवरच्या एका दुकानात आयफोन १६ हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. माझा आयफोन १३, म्हणजे २०२१ सालचं मॉडेल. हल्ली दुपारी तीनलाच चार्जर शोधावा लागतो, त्यामुळे नवा घ्यायचाच असं ठरवून गेलो होतो.

काउंटरवरच्या पोराने सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ उघडली. ७८ टक्के. म्हणाला, "काका, फोन ठणठणीत आहे, बॅटरी तेवढी थकलीये."

पटलं मला. लिथियमची बॅटरी कुठल्याही फोनची झिजतेच. या मॉडेलची तर ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राहावी, अशीच रचना आहे. नव्यात ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, यूएसबी-सी, वेगवान चिप, सगळं छानच आहे. पण माझं दिवसभराचं काम व्हॉट्सॲप, यूपीआय आणि लेकीचे फोटो. सुरक्षेचे अपडेट अजून येतायत, आणि माझ्या मते तीच खरी कसोटी. ते थांबले असते तर जुना एक्सचेंजमध्ये देऊन मोकळा झालो असतो.

याच्या कोपऱ्यावर एक बारीक ओरखडा आहे. लेक पहिलं पाऊल टाकत होती, व्हिडिओ काढता काढता हातातून निसटला होता.

बॅटरी बदलून घेतली. आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि ६४ टक्के शिल्लक आहे.